रसायनशास्त्राचा हिशेबनीस : आंत्वान लाव्हाझिए

चुलींत रात्रभर सरपण जाळिलें म्हणजे सकाळीं मूठभर राख तेवढी हातीं लागते. मग भारभर लांकडाचें वजन गेलें कोठें? उलट नांगराचा फाळ पावसांत पडून गंजला, आणि त्यावरचा गंज न झाडतां तो तोलिला, तर मूळच्यापेक्षां तो थोडा जड भरतो. हें जास्तीचें वजन आलें कोठून? एके ठिकाणीं तूट आणि दुसऱ्या ठिकाणीं वाढ, अशीं हीं दोन कोडीं मनुष्याच्या डोळ्यांसमोर युगानुयुगें पडलेलीं होतीं. ज्या पुरुषानें हातीं तराजू घेऊन त्यांचा उलगडा केला, त्याचें चरित्र आज वाचकांस थोडक्यांत सादर करीत आहों.

पदार्थाचें रूप कितीहि पालटो, त्याचें एकंदर वजन घटत नाहीं आणि वाढतहि नाहीं. कांहीं नाहींसें झालें असें वाटलें, तर तें आपल्या मोजणींतून निसटलें आहे असें समजावें, ही त्याची शिकवण होय. शाळेंतील मुलें आज रासायनिक समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळवितात, ती याच शिकवणीच्या आधारें.

बालपण आणि विद्याभ्यास

आंत्वान लाव्हाझिए याचा जन्म फ्रान्स देशाची राजधानी पॅरिस येथें ता. २६ ऑगस्ट १७४३ रोजीं झाला. बाप वकील असून घरची स्थिति सुखाची होती. मुलगा पांच वर्षांचा असतांना आई वारली, आणि पुढें त्याच्या अविवाहित मावशीनें त्याचा आईच्या मायेनें प्रतिपाळ केला. बापाच्या इच्छेप्रमाणें त्यानें कायद्याचा अभ्यास केला व १७६४ सालीं वकिलीची पात्रताहि मिळविली. परंतु त्याचें मन शास्त्रांत गुंतलें होतें. रूएल नांवाच्या नामांकित शिक्षकाचीं रसायनशास्त्रावरील व्याख्यानें तो आवडीनें ऐके, आणि गेतार नांवाच्या भूगर्भशास्त्रज्ञाबरोबर देशांत फिरून खडक व माती यांची पाहणी करी.

पॅरिसच्या रस्त्यांवर रात्रीं दिव्यांची सोय कशी करावी, या विषयावर त्यानें लिहिलेल्या निबंधाबद्दल १७६६ सालीं त्याला सुवर्णपदक मिळालें. त्या वेळीं त्याचें वय अवघें बावीस होतें. पुढें १७६८ सालीं फ्रान्सच्या शास्त्रीय ॲकॅडमीनें त्याला आपला सभासद करून घेतलें.

दोन उद्योग

याच १७६८ सालीं त्यानें आणखी एक गोष्ट केली, आणि तीच पुढें त्याच्या प्राणावर बेतली. आईकडून मिळालेली मालमत्ता घालून त्यानें सरकारी कराच्या इजाऱ्यांत भाग विकत घेतला. त्या काळीं फ्रान्सचा राजा मीठ, तंबाखू व शहरांत येणारा माल यांवरील कर स्वतः गोळा करीत नसे. इजारदारांची एक मंडळी राजाला ठरलेली रक्कम देई, आणि मग रयतेकडून कर उगवून घेई. जें जास्त उगवे तो त्यांचा नफा. मिठावरील कर गोरगरिबांस फार जाची. त्यामुळें इजारदार म्हटला कीं लोकांच्या कपाळाला आठी पडे. लाव्हाझिए स्वभावानें क्रूर नव्हता, आणि या धंद्यांत मिळालेला पैसा त्यानें पुष्कळसा शास्त्रीय प्रयोगांवर खर्च केला. तरी तो पैसा कोणाच्या घरांतून आला होता, हें विसरून चालणार नाहीं.

सन १७७१ मध्यें मारी ॲन पोल्झ हिच्याशीं त्याचा विवाह झाला. ती त्याच्याबरोबरच्या एका इजारदाराची कन्या. वय अवघें तेरा वर्षांचें, पण बुद्धि मोठी तीव्र. नवऱ्याला इंग्रजी येत नसे, म्हणून ती इंग्रजी शिकली व इंग्लंडांतील शास्त्रज्ञांचे लेख त्याच्यासाठीं भाषांतरूं लागली. दाविद नांवाच्या प्रसिद्ध चित्रकाराजवळ ती चित्रकला शिकली, आणि नवऱ्याच्या ग्रंथांतील उपकरणांच्या आकृति तिनें स्वतः काढिल्या. प्रयोग चालूं असतां टिपणें घेण्याचें कामहि तिच्याकडेच असे.

१७७५ मध्यें बंदुकीच्या दारूच्या सरकारी खात्यावर लाव्हाझिएची नेमणूक झाली व पुढें त्याचें बिऱ्हाड पॅरिसच्या शस्त्रागारांत गेलें. तेथें त्यानें उत्तम प्रयोगशाळा थाटली. सकाळीं सहा ते नऊ आणि रात्रीं सात ते दहा हा वेळ प्रयोगांचा. मधला सारा दिवस सरकारी कामाचा. आठवड्यांतील एक दिवस मात्र तो केवळ प्रयोगांसाठीं राखून ठेवी. फॉर्तें व मेन्ये या कुशल कारागिरांकडून त्यानें अत्यंत नाजूक तराजू करवून घेतले. इजाऱ्याच्या कचेरींत जसा जमाखर्च, तसाच प्रयोगशाळेंत. आधीं सर्व तोलावें, मग प्रयोग करावा, आणि शेवटीं पुन्हां सर्व तोलून ताळा पाहावा, अशी त्याची रीत होती.

तराजूची साक्ष

त्या काळीं पुष्कळांची अशी समजूत होती कीं, पाणी फार वेळ कढविल्यास त्याची माती होते. कारण पाणी आटल्यावर भांड्याच्या तळाशीं मातीसारखा गाळ दिसे. १७६८ च्या अखेरीस लाव्हाझिएनें कांचेचें एक भांडें तोललें, त्यांत तोललेलें शुद्ध पाणी घातलें, तोंड बंद केलें आणि तें एकशें एक दिवस विस्तवावर ठेविलें. वाफ वर जाई, थंड होई व पुन्हां पाणी होऊन त्याच भांड्यांत उतरे. शेवटीं गाळ दिसला खरा. पण पाणी आणि भांडें मिळून एकंदर वजनांत फरक पडला नव्हता. मग त्यानें रिकामें भांडें निराळें तोललें. गाळाचें जेवढें वजन, जवळजवळ तेवढीच तूट कांचेच्या भांड्यांत निघाली. म्हणजे पाण्याची माती झालीच नव्हती. कांच झिजून पाण्यांत उतरली होती. जी गोष्ट वादानें मिटली नाहीं, ती तराजूनें मिटविली.

त्याहून मोठा वाद जळण्याविषयींचा होता. जळणाऱ्या प्रत्येक पदार्थांत फ्लॉजिस्टन नांवाचें एक तत्त्व असतें, आणि पदार्थ जळतांना तें बाहेर पडतें, असें त्या वेळचे पंडित मानीत. लांकडाची राख हलकी होते, तेथें हें मत पटण्यासारखें वाटे. पण कथील किंवा शिसें तापवून त्याचें भस्म केलें तर तें जड भरतें. आंतून कांहीं निघून गेलें, तर वजन वाढावें कसें? कित्येकांनीं ही अडचण दुर्लक्षिली; कित्येकांनीं फ्लॉजिस्टनला वजनच नाहीं, किंबहुना उलटें वजन आहे, असें म्हणून वेळ मारून नेली.

लाव्हाझिएनें १७७२ मध्यें गंधक व फॉस्फरस जाळून पाहिले, तों त्यांचेंहि वजन वाढलेलें आढळलें. मग १७७४ मध्यें त्यानें कथील कांचेच्या भांड्यांत घालून तोंड पक्कें बंद केलें आणि सबंध भांडें तोलून तापविलें. कथलावर भस्म जमलें, पण बंद भांड्याचें वजन जसेंच्या तसें राहिलें. तोंड उघडतांच बाहेरची हवा सूं करून आंत शिरली आणि तेव्हां वजन वाढलें. अर्थ उघड झाला : कथलानें भांड्यांतील हवेचा कांहीं भाग गिळला होता, आणि ती रिकामी जागा बाहेरच्या हवेनें भरून काढिली. रशियांतील लोमोनोसोव्ह यानेंहि १७५६ च्या सुमारास बंद भांड्यांत धातु तापवून वजन वाढत नाहीं असें पाहिलें होतें. परंतु त्याचें काम पश्चिम युरोपांत फारसें कोणास ठाऊक झालें नाहीं.

बारा दिवसांचा विस्तव

हवेचा कोणता भाग धातु गिळते, हा प्रश्न उरला. त्याची किल्ली इंग्लंडांतून आली. जोसेफ प्रीस्टली हा तेथील राजमान्य मंडळीबाहेरचा एक पाळक असून त्याला वायूंच्या प्रयोगांचा मोठा नाद होता. ता. १ ऑगस्ट १७७४ रोजीं त्यानें पाऱ्याचें तांबडें भस्म भिंगानें एकवटलेल्या उन्हांत तापविलें, आणि निघालेल्या वायूंत मेणबत्ती फार तेजानें जळते असें पाहिलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तो पॅरिसला आला असतां लाव्हाझिएच्या घरीं भोजनप्रसंगीं त्यानें ही हकीकत मोकळ्या मनानें सांगितली. स्वीडन देशांतील शेल नांवाच्या औषधविक्यानेंहि हाच वायु स्वतंत्रपणें शोधिला होता.

लाव्हाझिएनें मग जो प्रयोग केला तो फार प्रसिद्ध आहे. त्यानें चार औंस पारा एका बकपात्रांत घातला व त्याची लांब मान कांचेच्या घंटेखालीं नेऊन आंतील हवा बाहेरच्या हवेपासून तोडली. आंत एकंदर ५० घनइंच हवा होती. पारा बारा दिवस एकसारखा तापत ठेविला. पाऱ्यावर तांबडे कण जमले आणि हवा ४२–४३ घनइंच उरली. त्या उरलेल्या हवेंत दिवा विझे व प्राणी गुदमरे. तांबडें भस्म गोळा करून तोललें तें ४५ ग्रेन भरलें. तेंच अधिक तापविलें, तेव्हां ४१½ ग्रेन पारा परत मिळाला आणि ७ ते ८ घनइंच वायु निघाला. हवेंत जेवढी तूट आली होती, जवळजवळ तेवढाच हा वायु. आणि भस्मांतून पाऱ्याचें वजन वजा जातां जे ३½ ग्रेन उरतात, तें याचेंच वजन. हा वायु मागच्या गुदमरविणाऱ्या हवेंत मिसळतांच पुन्हां साधी हवा तयार झाली.

या वायूला त्यानें १७७७ च्या सुमारास ऑक्सिजन असें नांव दिलें. आपण त्यास प्राणवायु म्हणतों. जळणें, धातूचें भस्म होणें व प्राण्याचा श्वासोच्छ्वास हीं तिन्हीं एकाच जातीचीं कामें आहेत, असें त्यानें दाखविलें. चुलीचें कोडेंहि येथेंच सुटलें. शुद्ध कोळशाचे १२ तोळे जळतांना हवेंतील ३२ तोळे प्राणवायु घेतात आणि ४४ तोळे कार्बन डायऑक्साइड वायु होतो. तो धुराड्यांतून निघून जातो म्हणून आपणांस तूट भासते. गंजलेल्या फाळावर प्राणवायु चिकटून राहतो म्हणून वाढ दिसते.

येथें एक दोष सांगितला पाहिजे. इतरांचें ऋण मान्य करण्यांत लाव्हाझिएचा हात आंखडता होता. प्रीस्टलीनें सांगितलेली गोष्ट त्यानें प्रथम लिहितांना त्याचें नांव योग्य तऱ्हेनें घेतलें नाहीं, आणि प्रीस्टलीला त्याचें वाईट वाटलें. पदार्थांच्या वजनाचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या मनुष्यानें दुसऱ्याच्या श्रमाची नोंद गाळावी, ही उणीवच होय. शास्त्रांतहि त्याच्या हातून चुका झाल्या. प्रत्येक अम्लांत प्राणवायु असतोच असें तो समजे, तें खोटें ठरलें. उष्णतेला तो मूलद्रव्यांत मोजी, तेंहि पुढें टिकलें नाहीं.

बेरजेचा ताळा

१७८३ मध्यें, इंग्लंडांतील कॅव्हेंडिश याच्या प्रयोगाची वार्ता कळल्यावर, लाव्हाझिए व लाप्लास यांनीं हायड्रोजन आणि प्राणवायु एकत्र जाळून पाणी तयार केलें. पाणी हें मूलद्रव्य नसून दोन वायूंचें संयुग आहे, हें यावरून ठरलें. १७८७ मध्यें त्यानें तीन सहकाऱ्यांसह पदार्थांना नवीं व अर्थपूर्ण नांवें दिलीं, आणि १७८९ मध्यें आपला रसायनशास्त्राचा मूलग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत ३३ मूलद्रव्यांची यादी होती.

याच ग्रंथांत साखर आंबून तिचें मद्य कसें होतें, याचा विचार करितांना त्यानें आपला नियम स्पष्ट मांडिला : कृत्रिम असो वा नैसर्गिक, कोणत्याहि क्रियेंत नवें द्रव्य उत्पन्न होत नाहीं, क्रियेपूर्वीं जितकें, तितकेंच क्रियेनंतर असतें. त्यानें १०० पौंड साखर, ४०० पौंड पाणी व १० पौंड किण्व असे ५१० पौंड एका बाजूस मांडिले. दुसऱ्या बाजूस निघालेला वायु, मद्यार्क, थोडें अम्ल, पाणी, उरलेली साखर व किण्वाचा शेष हे मांडून त्यांचीहि बेरीज ५१० पौंड दाखविली. त्यांतील निरनिराळे आंकडे पुढें पूर्णपणें बरोबर ठरले नाहींत, पण मांडणीची रीत कायमची झाली. द्राक्षाचा रस बरोबर कार्बनचा वायु अधिक मद्यार्क, असें त्यानें बरोबरीचें चिन्ह घालून लिहिलें. आजच्या रासायनिक समीकरणाचें हें बीज होय.

पुढें १८०८ मध्यें इंग्लंडांतील डाल्टन यानें परमाणूंचा सिद्धान्त ग्रंथरूपानें मांडिला, तेव्हां या नियमाचें कारणहि उमगलें. क्रियेंत परमाणु नष्ट होत नाहींत. ते केवळ सोबती बदलतात. पाण्याच्या एका रेणूंत हायड्रोजनचे दोन परमाणु व प्राणवायूचा एक असतो. हायड्रोजनच्या रेणूंत दोन आणि प्राणवायूच्या रेणूंतहि दोनच परमाणु. आतां हायड्रोजनचा एक रेणु व प्राणवायूचा एक रेणु मिळून पाण्याचा एक रेणु झाला असें लिहिलें, तर प्राणवायूचा एक परमाणु हिशेबांतून नाहींसा होतो. म्हणून हायड्रोजनचे दोन रेणु, प्राणवायूचा एक, आणि त्यांपासून पाण्याचे दोन रेणु असें लिहावें लागतें. मग दोन्ही बाजूंस हायड्रोजनचे चार व प्राणवायूचे दोन परमाणु येतात. ४ भाग आणि ३२ भाग मिळून ३६ भाग पाणी होतें. ताळा जमावा म्हणून पाण्याच्या रेणूंतच आणखी एक परमाणु कोंबणें मात्र चालत नाहीं, कारण मग तें पाणी राहतच नाहीं, हायड्रोजन पेरॉक्साइड नांवाचा दुसराच पदार्थ होतो. रेणूंची संख्या बदलावी, पदार्थाची घडण बदलूं नये. जमाखर्च खोट्या नोंदीनें जुळविण्यापेक्षां न जुळलेला बरा.

१९०५ मध्यें आइन्स्टाइन यानें वस्तुमान व ऊर्जा यांचा संबंध दाखविला. त्याप्रमाणें जळण्यासारख्या क्रियेंतहि वस्तुमानाचा अतिसूक्ष्म फरक पडतो. पण तो इतका अल्प कीं रसायनशाळेच्या तराजूला तो कळत नाहीं. तेथें लाव्हाझिएचा नियम आजहि तसाच चालतो.

शेतीवाडी आणि लोकसेवा

१७७८ मध्यें त्यानें ब्ल्वा शहराजवळ फ्रेशीन येथें जमीन घेतली. तेथेंहि तीच शिस्त : कोणत्या शेतांत बीं किती, खत किती, पीक किती, याची वर्षानुवर्षें नोंद. जनावरें वाढविलीं तर खत वाढतें व खतानें धान्य वाढतें, हें त्यानें हिशेबानें दाखविलें. पण शेतींत घातलेला पैसा फार सावकाश परत येतो, हेंहि त्यानें लपविलें नाहीं. १७८८ मध्यें धान्याची टंचाई पडली तेव्हां ब्ल्वाच्या लोकांस धान्य खरेदीसाठीं त्यानें बिनव्याजी रक्कम दिली. राज्यक्रांतीनंतर देशभर एकच वजनमाप असावें म्हणून जें मंडळ काम करीत होतें, त्यांतहि तो होता. ठराविक मापाच्या पाण्याचें वजन त्यानें आयी नांवाच्या शास्त्रज्ञासह काळजीपूर्वक ठरविलें. आज सर्वत्र चालणारा ग्रॅम व किलोग्रॅम यांचा उगम या कामांत आहे.

अंत

१७८९ मध्यें फ्रान्सांत राज्यक्रांति झाली. लोकांच्या मनांत इजारदारांविषयीं जो राग वर्षानुवर्षें साठला होता, तो आतां उसळला. चोरटा माल शहरांत येऊं नये म्हणून पॅरिसभोंवतीं जी भिंत उभारिली गेली, तिची कल्पना लाव्हाझिएचीच होती, हें लोक विसरले नव्हते. मारा नांवाच्या पुढाऱ्याचा अग्नीविषयींचा लेख पूर्वीं लाव्हाझिएनें हिणविला होता. त्यानें १७९१ मध्यें आपल्या वर्तमानपत्रांतून त्याच्यावर आग पाखडली. त्याच वर्षीं इजारा मोडला. १७९३ च्या ऑगस्टांत ॲकॅडमीहि बंद झाली. नोव्हेंबरांत सर्व जुन्या इजारदारांस पकडण्याचा हुकूम सुटला, तेव्हां कांहीं दिवसांनीं लाव्हाझिए स्वतः होऊन स्वाधीन झाला. आपले हिशेब चोख आहेत, ते तपासले म्हणजे सुटका होईल, असा त्याला भरंवसा होता.

परंतु हिशेब ऐकून घेण्याचा तो काळ नव्हता. तंबाखूंत पाणी घालून तिचें वजन वाढविलें आणि देशाच्या शत्रूंशीं संगनमत केलें, असे आरोप ठेवण्यांत आले. ता. ८ मे १७९४ रोजीं सकाळीं खटला चालला आणि त्याच दिवशीं अठ्ठावीस इजारदारांचा गिलोटीनखालीं शिरच्छेद झाला. लाव्हाझिएच्या डोळ्यांदेखत आधीं त्याच्या सासऱ्याचा वध झाला, आणि लगेच त्याची पाळी आली. त्या वेळीं त्याचें वय पन्नास होतें. प्रेत इतरांबरोबर एकाच खड्ड्यांत टाकिलें गेलें. त्याच वसंत ऋतूंत प्रीस्टलीहि देशोधडीस लागून जहाजानें अमेरिकेस चालला होता. १७९१ मध्यें बर्मिंगहॅम येथें दंगेखोरांनीं त्याचें घर व प्रयोगशाळा जाळून टाकिली होती.

पति आणि पिता एकाच दिवशीं गमावलेल्या मारी ॲननें धीर सोडला नाहीं. जप्त केलेले कागद व उपकरणें तिनें पुढें परत मिळविलीं आणि नवऱ्याचे अखेरचे लेख छापून काढिले. १८०५ मध्यें तिनें रमफर्ड नांवाच्या शास्त्रज्ञाशीं पुनर्विवाह केला, पण तो संसार टिकला नाहीं. तिनें लाव्हाझिए हें नांव सोडलें नाहीं. ती १८३६ मध्यें वारली.

वाचकहो, इजारदारांनीं रयतेचे अश्रु हिशेबांत धरले नाहींत. आणि रयतेच्या नांवानें न्याय करणाऱ्यांनीं त्या मनुष्याचें ज्ञान हिशेबांत धरलें नाहीं. दोन्हीकडे नोंद गाळली गेली, आणि त्याची किंमत सर्वांनाच भरावी लागली. लाव्हाझिएनें प्रयोगशाळेंत घालून दिलेला धडा मात्र स्वच्छ आहे : बेरीज जुळली नाहीं तर रागावूं नये, आंकडा दडवूं नये; काय मोजावयाचें राहिलें तें शोधावें. शाळेच्या फळ्यावर समीकरण मांडणाऱ्या शिक्षकास, आणि घरचा, गांवचा किंवा पतपेढीचा जमाखर्च लिहिणाऱ्यासहि, हा धडा सारखाच उपयोगी आहे.